सहा-सहा-सहा-चार : तिसरी-चौथीच्या वर्गातल्या कवितेच्या नोंदी

१९ जुलै २०२४

आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत ठरलं की प्रत्येकाने वर्षभर एक उपक्रम चालवायचा आणि नोंदी ठेवायच्या. मी वाचन-लेखन-कविता घेतलं. शाळा जिल्हा परिषदेची, शिरूर कासार तालुका, बीड. दोन शिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात, म्हणजे दिवाळीच्या आसपास वर्ग रिकामा होणार हे धरूनच काय ते ठरवायचं. पोरांची नावं इथं लिहिणार नाही, मला कळतंय तेवढं बास.

सुरुवातीला त्यांना काय येतंय ते बघावं म्हणून सांगितलं की मनातलं काहीही लिहा, विषय नाही, बंधन नाही. सगळ्या वह्यांत थोड्याफार फरकाने तेच. माझी शाळा खूप छान आहे, माझी शाळा मला खूप आवडते, आमच्या शाळेत झाडे आहेत. दोन झाडं आहेत शाळेत, त्यातलं एक वाळलेलं. एवढी चावट पोरं, मधल्या सुट्टीत एकेकाचं बोलणं ऐकलं तर हसून मुरकुंडी वळते आणि वहीत मात्र सगळे एकदम सभ्य होतात. त्यांना मोकळं सोडलं की ती सगळ्यात ओळखीच्या जागी जाऊन बसतात आणि ती जागा म्हणजे गाईडमधला निबंध. तेव्हा मोकळं सोडायचंच नाही, उलट चांगलं घट्ट बांधायचं, असं माझ्या डोक्यात आहे.

बांधायला दावं पण सापडलंय. परवा आषाढीला शाळेची दिंडी काढली तर हरिपाठ सगळ्या पोरांना तोंडपाठ! ज्याला अजून जोडाक्षर वाचता येत नाही तोसुद्धा डोळे मिटून धडाधड म्हणतोय. सप्त्यात बसून बसून आलेलं आहे सगळं.

२४ जुलै

हरिपाठाची पहिली ओळ फळ्यावर चार तुकड्यांत लिहिली.

देवाचिये द्वारीं
उभा क्षणभरी
तेणें मुक्ति चारी
साधियेल्या

अक्षरं मोजा म्हणलं. पहिल्या तुकड्यावरच भांडण. कुणी सहा म्हणतंय कुणी सात. द्वा हे एक का दोन? द आणि व दोन्ही आहेत की त्यात, मग दोन, असं एका बाजूचं म्हणणं. मी काही बोललेच नाही. म्हणून बघा म्हणलं. म्हणताना द्वा एका दमात निघतो, टाळ एकदाच वाजतो, म्हणजे एक. मग क्ष एक, क्ति एक, ल्या एक. उत्तर आलं ६, ६, ६, ४. दुसऱ्या कडव्यालाही तेच. एवढी वर्षं म्हणतोय आणि आत हे असलं गणित होतं हे पोरांना भलतंच आवडलं. एकजण म्हणाला "मॅडम हे तर पाढ्यावानी हाय."

यालाच मोठा अभंग म्हणतात, साडेतीन चरणी. मधल्या दोन तुकड्यांचं यमक जुळतं, पहिला आणि शेवटचा मोकळे. नावगाव मी सांगितलं नाही, आपलं "सहा-सहा-सहा-चार" एवढंच ठेवलं.

२ ऑगस्ट

अडचण आली आणि ती चांगलीच खरी आहे. आपण बोलताना शेवटचा अ खाऊन टाकतो. "ऊस" लिहिताना दोन अक्षरं पण टाळी एकच पडते, "फडावर" चार अक्षरं पण बोलताना फ-डा-वर असं तीनच ऐकू येतं. म्हणजे टाळ्यांनी मोजणारी पोरं आणि बोटांनी मोजणारी पोरं यांचं उत्तर जुळेना. तोडगा पोरांच्या हरिपाठाच्या चालीतच होता, गाताना प्रत्येक अक्षर पूर्ण उघडतं, क्ष-ण-भ-री असं सुटं सुटं. तेव्हा नियम केला की बोलून मोजायचं नाही, गाऊन मोजायचं. आता वर्गात सगळे शब्द गायले जातात. ट्रॅक्टर गाऊन झाला (तीनच अक्षरं निघाली, कुणाला पटेना), मोबाईल गाऊन झाला, मुख्याध्यापक गाऊन झाला तेव्हा शेजारच्या वर्गातून सर डोकावून गेले.

९ ऑगस्ट

थेट लिहायला लावलं नाही. आधी "शेपूट" खेळतोय. पहिले तीन तुकडे मी द्यायचे आणि शेवटची चार अक्षरं पोरांनी लावायची. भिंतीवर चार अक्षरांच्या शब्दांचा तक्ता लावलाय, त्यात रोज भर पडते. दारापाशी. पाठीमागं. उन्हामधी. मोबाईल. फडावर. तक्त्यावर आपला शब्द चढवायचा तर तो वाचून दाखवायचा आणि गाऊन चार भरतात हे सिद्ध करायचं. वाचनाचा सराव आपोआप होतोय. जी पोरं पाठ्यपुस्तकाचं पान उघडलं की खाली बघायची ती दुसऱ्याचा शब्द पाच अक्षरांचा आहे हे पकडायला जिवाच्या आकांताने वाचतायत. भांडायला मिळत असेल तर पोरं कितीही वाचतात.

तिसरीतल्या दोघी अजून अक्षरगटांवरच आहेत, त्यांचं वेगळं चालू आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन बाईंनी क-ख-ग च्या रांगेने न जाता थोडी अक्षरं आणि काने-मात्रे घेऊन लगेच शब्द वाचायला लावायची पद्धत रुजवली, त्याच वाटेने त्यांचं घेते. पण शेपटाच्या खेळात त्या दोघी तोंडाने शब्द देतात आणि मी लिहिते, मग स्वतःचाच शब्द म्हणून त्यांना तो लगेच वाचता येतो.

२७ ऑगस्ट

पहिली पूर्ण कविता आली. चौथीतला, मागच्या बाकावरचा, घरी शेळ्या आहेत.

शेळी व्याली रात्री
दोन झाली पिल्लं
एक माझं झालं
एक विकू

मी वाचली आणि दोन मिनिटं काही सुचेना. "एक विकू" मध्ये घरचा सगळा हिशोब येऊन बसलाय, आणि त्याला तसं काही करायचंसुद्धा नव्हतं, त्याला फक्त चार अक्षरं पाहिजे होती. मोकळं लिही म्हणलं असतं तर शेळी हा एक पाळीव प्राणी आहे, ती दूध देते, असं लिहिलं असतं याने.

मुद्दाम विचारलं, अरे शेळीच्या पिल्लाला करडू म्हणतात ना? तर म्हणे "करडं बसंना मॅडम, सात व्हतंय." गाऊन दाखवलं. दोन झाली करडं, खरंच सात. आणि रात्री हा शब्द त्याने आधी "रातरी" लिहिला होता, घरी तसंच म्हणतात, पण एक अक्षर जास्त होतंय म्हणून स्वतःच खोडून रात्री केलं. मी गेल्या वर्षी याच्या वहीत लाल पेनाने हा शब्द किती वेळा दुरुस्त केला असेल देव जाणे, फरक पडला नव्हता. आता पडला कारण चुकलं तर कविता लंगडते. तसंच "दवारी" लिहिणारी एक होती, तिचीही तीन अक्षरं दोनात बसवताना जोडाक्षराशी गाठ पडलीच.

५ सप्टेंबर

आज शिक्षक दिन, चौथीची पोरं शिक्षक झाली. फळ्यावर माझं स्वागत असं झालं.

मॅडमचा फोन
तासात वाजतो
पोरगा हसतो
पाठीमागं

माप मात्र बरोबर. फोनही वाजतो आणि पोरगाही हसतो. फोन सायलेंटवर.

केंद्रप्रमुख साहेब येऊन गेले. वह्या बघितल्या, आवडल्या म्हणाले, पण उपक्रमाच्या तक्त्यात "साध्य अध्ययन निष्पत्ती" असा रकाना आहे तो भरा म्हणाले. जोडाक्षरयुक्त शब्द वाचतो, यमक जुळणारे शब्द सांगतो असं लिहिलं. खोटं नाही त्यात काही. पण शेळीवाल्याने जे केलं त्याला रकाना नाही, आणि मला वाटतं नसलेलाच बरा, नाहीतर उद्या त्याचीही टक्केवारी मागतील.

४ ऑक्टोबर

काल घटस्थापना. संध्याकाळी फोनवर बातमी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आज पोरांना सांगितलं तर पहिला प्रश्न "सुट्टी हाय का?" नाही म्हणलं. मग अभिजात मोजून झालं, चार अक्षरं, तक्त्यावर चढलं.

नवरात्रात आज्या मोकळ्या असतात (म्हणजे त्यातल्या त्यात) म्हणून चार आज्यांना शाळेत बोलावलं. जात्यावर रोजचं दळण आता कुणी दळत नाही, गिरण येऊन जमाना झाला, जातं निघतं ते लग्नात हळद दळायला. पण ओव्या सगळ्या जिवंत आहेत. एका आजीला म्हणलं एखादी म्हणा तर म्हणे जातं नसलं तर आठवत नाही. खरंच हाताला फिरवायला काहीतरी लागत होतं. मग पोरांनी पाण्याच्या टाकीचं गोल झाकण दिलं पुढ्यात, ते फिरवत फिरवत तिने अशा काही सुरू केल्या की थांबेचना. भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या. मध्येच समोरच्या नातवाचं नाव घालून एक जागच्या जागी रचली, त्यात त्याच्या वाहत्या नाकाचा उल्लेख होता. वर्ग खलास.

फोनवर रेकॉर्ड केलं आणि त्याचंच श्रुतलेखन ठेवलं, फक्त फोन पोरांच्या हातात. एकाने वाजवायचं, थांबवायचं, मागं न्यायचं, बाकीच्यांनी लिहायचं. माझ्या श्रुतलेखनात "मॅडम परत सांगा" म्हणायची चोरी असते, इथं एकेक ओळ हवी तितक्या वेळा मागं घेतली. मोजायलाही बसले लगेच. आणि निराश झाले, कारण जात्यावरच्या ओवीत अक्षरं ठरलेली नसतात, एक ओळ लांब एक आखूड. कमी पडलं की आजी "गं बाई" घालते, जास्त झालं की भरभर म्हणून टाकते. एकीने बरोबर पकडलं, "मॅडम, बाई म्हंजे भरतीचा माल हाय." छंदशास्त्रावरची व्याख्यानं ऐकलीत मी, हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

कलामांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. झाडाखाली बसून वाचन, फोटो, लिंक भरणे. आजच आचारसंहिता लागली, निवडणुकीच्या कामाचं आता डोक्यावर येणार.

दसरा झाला तसे टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे फेरे सुरू झालेत. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन बसलेली घरं आहेत. कर्नाटकाकडं जाणाऱ्या टोळ्या आधी हलतात. पोरांमधल्या कुणाचं कुठं ठरलंय ते विचारून ठेवलं, काहीजण हंगामी वसतिगृहाच्या यादीत आहेत, काही आज्यांपाशी राहतील, बाकीची जाणार. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, पण कोप्यावर (तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर) धाकट्याला सांभाळायला आणि वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला तिसरे हात लागतातच, ते पोरीचे असतात.

२५ नोव्हेंबर

महिनाभर नोंद नाही. दिवाळी, मग निवडणुकीचं प्रशिक्षण, २० तारखेला मतदान, शाळेचं केंद्र झालं म्हणून वर्गातले तक्ते काढले होते ते परत लावले. चार अक्षरांच्या तक्त्याचा एक कोपरा फाटला.

मतदान करूनच जा म्हणून काही टोळ्या थांबवून ठेवल्या होत्या, त्याही आता गेल्या. पट बराच खाली. गेलेल्या पोरांच्या घरचे नंबर घेतलेत. प्रत्येकाला एक छोटी वही दिलीय, शंभर पानी अर्धी कापून, खिशात राहील अशी. आणि ठरवलंय असं की शेपूट फोनवर खेळायचं. मी व्हॉइस मेसेजने तीन तुकडे पाठवणार, त्यांनी चार अक्षरं बोलून पाठवायची. लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही. रात्री कोपीवर फोन बापाच्या हातातून पोराच्या हातात किती वेळ येतो, तेवढ्यात निबंध होत नाही, पण चार अक्षरं होतात.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. माझ्या मनात जुलैपासून एक होतं की हरिपाठ काही प्रत्येक घरात नाही. वर्गात भीमगीतं ऐकत वाढलेली पोरं आहेत, त्यांना टाळाचा ठेका येतो पण तो त्यांच्या घरचा नाही. जात्यावरच्या ओव्यांचा केवढा तरी मोठा संग्रह आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून जमवलेला, लाखाच्या वर ओव्या, आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी म्हणलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. त्या आज लावल्या. तिसरीतली एक एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती एका ओवीला एकदम म्हणाली की ही चाल माझ्या आईला येते. म्हणून दाखवली पण. मग तिच्यामागून सगळ्यांनी. आजचं श्रुतलेखन तिने चालवलं, फोन तिच्याकडे, आणि ती काही कुणाला दोनदापेक्षा जास्त ऐकवायला तयार नव्हती!

१८ डिसेंबर

फोनवरचं शेपूट जमतंय. रोज नाही. रेंज नसते, चार्जिंग नसतं, कधी बापाने मेसेज ऐकलेला असतो आणि पोराला सांगितलेलंच नसतं. पण रात्री नऊनंतर एखादा मेसेज टुणकन येतो. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी ओरडतंय, आणि मध्ये चार अक्षरं. एकीची आईच घुसली काल, "मॅडम, मी सांगू का?" सांगितलं आणि बरोबर चार भरले. दुसरीत शाळा सुटलेली बाई.

आज मात्र मी फक्त पहिला तुकडा पाठवला होता, "कोपीला ना दार". बाकी सगळं तिकडून आलं.

कोपीला ना दार
कुत्रं येतं आत
खातं माझा भात
रोज रोज

वर्गात ऐकवली. मागं राहिलेली पोरं हसली आधी, मग वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं शेवटी "हाड हाड" पाहिजे, कुत्र्याला तसंच म्हणतात, मजा येते. दुसरी म्हणाली मग ती एकाच दिवसाची गोष्ट होईल, "रोज रोज" मुळं कळतं की कुत्रं हाकलूनसुद्धा परत येतंय. तिसरा म्हणाला पण रोज रोज भात कुठून येईल, भाकरी म्हणायला पाहिजे. मग भाकरी घालून बघितलं, यमकही गेलं आणि अक्षरही वाढलं. तास संपला तरी चालूच. शेवटी दोन्ही शेपटं रेकॉर्ड करून तिकडं पाठवली, तुझं तू ठरव. रात्री उत्तर आलं, "माझंच ऱ्हाऊ द्या."

आम्ही डी.एड.ला रसग्रहण शिकलो ते कवीचा परिचय, मध्यवर्ती कल्पना, अलंकार ओळखा असं. आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी आज जे केलं ते रसग्रहणच होतं, आणि ते जमलं कारण चारच अक्षरांवर भांडायचं होतं. अख्ख्या कवितेविषयी तुम्हाला काय वाटते असं विचारलं असतं तर छान वाटते, एवढंच आलं असतं.

२७ फेब्रुवारी २०२५

मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांची जयंती. ग्रंथदिंडी काढली. भाषण पाठ करून आणायला कुणाला सांगितलं नाही, त्याऐवजी गावातल्या पारावर पोरांनी लोकांबरोबर शेपूट खेळलं. तीन तुकडे पोरं म्हणणार, चौथा गावाने द्यायचा. एक आजोबा एकामागून एक देत सुटले, त्यातली काही इथं लिहिण्यासारखी नाहीत.

फडावरच्या पोरांच्या कविता मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून पारावर टांगल्या होत्या. त्यातली ही गावातल्या लोकांनी सगळ्यात जास्त वेळ वाचली.

आई तोडी ऊस
बाप बांधी मोळी
पहाटेची टोळी
फडावर

मला स्वतःला कुत्र्याची जास्त आवडते. हिच्यात जरा मोठ्यांना आवडेल असं लिहिण्याची खटपट दिसते, "तोडी", "बांधी" हे तो बोलत नाही, हरिपाठातून उचललंय. पण तेही शिकणंच, मापात बसवायला जुनं रूप वापरता येतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वाद घातला नाही.

२९ एप्रिल

यंदा परीक्षा महिनाअखेरीपर्यंत ताणल्या, उन्हाने पोरं सुकून गेली. टोळ्या परतल्यात, पट भरला. छोट्या वह्या मागवल्या. काही हरवल्या, एकीच्या वहीत उचलीचा आणि किराणाचा हिशोब आहे बापाच्या हातचा, शेवटच्या पानावर दोन शेपटं. शेळीवाल्याच्या वहीत एकच कविता आणि बाकी मोटारसायकलींची चित्रं.

वाचनाचं म्हणाल तर जी फोनवर खेळत राहिली त्यांचं वाचन मागं पडलं नाही एवढं मला वर्गात बसून दिसतंय. जी अजिबातच तुटली होती त्यांच्यासाठी जूनमध्ये पहिल्यापासून अक्षरगट घ्यावे लागणार, त्याला दुसरा उपाय नाही.

चौथी आता दुसऱ्या गावच्या शाळेत पाचवीला जाईल. तिथल्या सरांना फोन करून सांगितलंय की ही पोरं सगळं मोजतात, वैतागू नका.

जूनची तयारी: आठ-आठचा लहान अभंग घ्यायचा, तुकोबांचा "जे का रंजले गांजले" वाला, त्यात जोडाक्षरंही चांगली आहेत. आजीचं रेकॉर्डिंग फोन बदलायच्या आत पेनड्राइव्हवर घ्यायचं. तक्त्याला जाड पुठ्ठा. टाकीचं झाकण परत टाकीवर ठेवायचं, सर चिडलेत. स्केचपेनचा खर्च यावेळी तरी अनुदानातून निघतो का बघायचं, नाहीतर आहेच आपली पर्स.